परत का गेला?

"परत?"

नात्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी मानसोपचाराच्या वॉर्डात दुसऱ्यांदा भरती झाल्याचं कळलं की फोनवर पहिला शब्द हाच येतो. त्या एका शब्दात तीन संशय असतात. डॉक्टर बरा नसावा, आईबापांनी लक्ष दिलं नसावं, किंवा पोरगं नाटक करत असावं. दम्याचा मुलगा पावसाळ्यात तिसऱ्यांदा ॲडमिट झाला तर असं कोणी विचारत नाही. आपण डबा घेऊन जातो, हवेला शिव्या घालतो आणि घरी येतो. फिट येणाऱ्या मुलीच्या गोळ्या बदलायला पुन्हा चार दिवस दवाखान्यात राहावं लागलं तरी तिची आई कोणाला तोंड दाखवायला लाजत नाही. मग इथेच "परत?" का?

मंडळी, मी डॉक्टर नाही. तेहतीस वर्षं आठवी ते दहावीला मराठी आणि इतिहास शिकवला, एवढीच माझी पात्रता. पण मुलं दिवसातले सहा-सात तास कुठे असतात, हे डॉक्टरांपेक्षा मला जास्त ठाऊक आहे, म्हणून लिहिते आहे. दुसरं कारण घरचं आहे. माझ्या मावसबहिणीचा नातू सोळाव्या वर्षी पहिल्यांदा भरती झाला आणि घरी आल्यावर सात आठवड्यांत पुन्हा गेला. त्याने आणि त्याच्या आईने लिहायला परवानगी दिली आहे. गाव, कॉलेज, हॉस्पिटल यांची नावं देणार नाही. ओळखणारे ओळखतीलच, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना त्याने आता स्वतःच सांगितलं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की अशी मुलं परत जातात त्याचं मोठं कारण हॉस्पिटलच्या आत सापडत नाही. आत काय करायचं ते तिथल्या माणसांना माहीत असतं. बाहेर आल्यावर पहिल्या दीड-दोन महिन्यांत काय करायचं, हे मात्र कोणाचंच काम नसतं.

आधी आत काय होतं ते पाहू, कारण त्याबद्दल आपल्या डोक्यात अजून जुन्या सिनेमातली चित्रं आहेत. आमच्या लहानपणी "ठाण्याला पाठवा" किंवा "येरवड्याला जागा आहे" एवढं म्हटलं की पुरे. नुसत्या गावाच्या नावाची शिवी व्हायची. (नागपूर आणि रत्नागिरीकडेही हेच चालत असणार, कारण सरकारी मनोरुग्णालयं तिथेही आहेत.) आता परिस्थिती निराळी आहे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी स्वतंत्र कलम आहे, ८७वं. मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायचं आणि पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण मुक्काम त्याच्यासोबत राहायचं, असं त्यात आहे. माझी भाची सोळा दिवस तिथे लेकाबरोबर राहिली. पतसंस्थेतली रजा संपली, मग बिनपगारी घेतली. धाकटी मुलगी शेजाऱ्यांकडे जेवली.

त्या सोळा दिवसांत मुलगा रात्री दहाला झोपत होता, वेळेवर जेवत होता, गोळ्या नर्सच्या समोर घेत होता. मोबाईल नाही, चाचणी परीक्षा नाही. रोज कोणीतरी शेजारी बसून बोलायचं आणि ऐकायचंही. मग डॉक्टरांनी घरी सोडलं.

आता "घरी सोडलं" या शब्दांकडे जरा बघा. अपेंडिक्सच्या पेशंटला घरी सोडतात तेव्हा अपेंडिक्स गेलेलं असतं. त्यामुळे घरी सोडलं म्हणजे बरं झालं, अशी आपली समजूत पक्की झाली आहे. इथे तसं नाही. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्यांचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे सोळाव्या दिवशी मुलगा घरी येतो तेव्हा औषध धड कामालाही लागलेलं नसतं. तातडीचा धोका टळला, एवढाच त्या डिस्चार्जचा अर्थ. उलट घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात, जिवाला अपाय करून घेण्याची भीती त्या काळात जास्त असते, हे देशोदेशीच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आणि नेमके त्याच आठवड्यांत आपण निर्धास्त होतो. सत्यनारायण घालतो, पेढे वाटतो, आणि म्हणतो, "चला, सुटलो एकदाचे!"

आमच्याकडे काय झालं ते सांगते.

मुलगा दिसत नाही म्हटल्यावर शेजारी, नातेवाईक, कॉलेज, सगळ्यांना कावीळ झाल्याचं सांगितलं गेलं. हेतू चांगलाच होता. पोराच्या नावावर शिक्का नको. पण एकदा कावीळ म्हटल्यावर ती निभवावी लागते. घरी भेटायला येणाऱ्यांसमोर बिनतेलाचं जेवण. आत्याने शिरखंड पाठवलं ते परत. सोसायटीतले एक काका रोज संध्याकाळी उसाचा रस आणून देत, तो त्यांच्यासमोर प्यायचा. तीनदा तर त्याला पिऊन उलटी झाली. (हे वाचून दाखवलं तेव्हा त्याने दुरुस्ती सांगितली, "मावशीआजी, चारदा.") मित्रांनी विचारलं, डोळे पिवळे झाले होते का? तो हो म्हणाला. गोळ्यांची पाकिटं फ्रीजवर ठेवायची नाहीत, पाहुणे बघतील, म्हणून कपाटात. कपाटात गेलेली गोळी विसरतेच.

पुढे त्याने मला एक वाक्य सांगितलं, ते माझ्या मनातून जात नाही. "तिथे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे काही लपवायचं नव्हतं. घरी दिवसभर ॲक्टिंग."

आजारातून नुकतं उठलेलं पोर, त्याची जी काय थोडीफार ताकद असेल ती सगळी या अभिनयात खर्च झाली. आपल्याला वाटतं की आपण त्याची अब्रू राखतो. त्याला मात्र यातून कळतं की आपल्याला झालं ते इतकं वाईट आहे की घरचेही त्याचं नाव घेत नाहीत.

दुसरी गोष्ट कॉलेजची. अकरावी सायन्स, क्लासशी जोडलेलं कॉलेज, सकाळी सातला पहिला तास. रात्रीच्या गोळीने सकाळी जडपणा येतो, हे त्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. गोळीची वेळ अलीकडे घेता येते, मात्रा बदलता येते, पण त्यासाठी डॉक्टरांना सांगावं लागतं, आणि सांगायला पुढची तारीख यावी लागते. ती चार आठवड्यांनी होती आणि गाव एसटीने अडीच तासांवर. तोवर शुक्रवारी घरी आलेला मुलगा सोमवारी सकाळी सातला बाकावर. "सोळा दिवसांचा पोर्शन बुडला आहे, उशीर नको," असं सगळ्यांचं मत. पहिल्याच आठवड्यात चाचणी. तासाला डोळा लागला तर सर म्हणाले, "साहेबांची झोप झाली नाही वाटतं." वर्ग हसला. सरांना तरी काय दोष द्यावा? त्यांना कावीळच सांगितली होती. मार्कांवरून तुकड्या पाडायची पद्धत असल्याने महिन्याभरात तो वरच्या तुकडीतून खालच्या तुकडीत गेला आणि दोन्ही मित्र वर राहिले. मग उपस्थितीची नोटीस आली.

या मधल्या काळात त्याने गोळ्या सोडल्या. "सांगूनही ऐकत नाही" असं घरचे म्हणत होते. मुलं गोळ्या का सोडतात हे मात्र त्यांना कोणी विचारत नाही. याचं पाच किलो वजन वाढलं होतं आणि मुलं त्याला चिडवत होती. काही औषधांनी भूक आणि वजन वाढतं, हे डॉक्टरांनाही माहीत असतं. सोळाव्या वर्षी पोटावर घट्ट बसणारा शर्ट ही काही क्षुल्लक गोष्ट नाही. मुलींच्या बाबतीत तर विचारूच नका. शिवाय चार दिवस बरं वाटलं की "आता कशाला" हा विचार येतोच. तो तुमच्या माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळीबाबतही येतो, आणि आपण सत्तरीचे!

सात आठवडे असे गेले. मग परत.

आता घराबद्दल, आणि हे जपून लिहिते, कारण आयांना दोष देणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. १९५०च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या माणसांचा माग ठेवला. त्याला विचित्र गोष्ट दिसली. आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे गेलेली माणसं पुन्हा आजारी पडून येत होती ती भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त. पुढे त्याने आणि इतरांनी घरातलं बोलणं मोजायचीच पद्धत काढली. सतत टीका, राग, आणि तिसरी गोष्ट म्हणजे अति काळजी, क्षणभरही नजरेआड होऊ न देणं. या तिन्हींना मिळून ‘एक्स्प्रेस्ड इमोशन’ म्हणतात. ते ज्या घरात जास्त तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त. हे अभ्यास मोठ्या माणसांचे आणि मुख्यतः स्किझोफ्रेनियाचे, हे लक्षात ठेवायला हवं. १९८०च्या दशकात आपल्याकडे चंदीगडलाही ते झाले आणि तिथल्या घरांत टीका लंडनपेक्षा पुष्कळ कमी आढळली.

चंदीगडचं वाचून मला बरं वाटलं, आणि लगेच शंकाही आली. त्या घरांत माणसं जास्त असतील, अंगण असेल. आमच्या भाचीचं घर दोन खोल्यांचं. पहिल्यांदा मुलगा घरी आला तेव्हा बाथरूमची कडी काढून ठेवली होती, आई रात्री तीनदा उठून श्वास बघायची, वडील रोज जेवताना "आज कसं वाटतंय?" विचारायचे आणि उत्तर आलं नाही की चिडायचे. यात प्रेमाशिवाय दुसरं काही नव्हतं. घरातल्या धोकादायक वस्तू दूर ठेवायच्या, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं आणि ते बरोबरच आहे. पण वस्तू दूर ठेवणं वेगळं आणि पोराच्या चेहऱ्यावर चोवीस तास डोळे रोखून बसणं वेगळं. या दोन्हींतला फरक त्या दमलेल्या बाईला शिकवायचा कोणी? सोळा दिवस ती वॉर्डात स्टुलावर झोपली होती. तिला कोणी विचारलं का, बाई, तुला झोप लागते का?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २०१६चा ‘कासव’ पाहिला असेल तर त्यातली जानकी आठवा. जीव द्यायला निघालेल्या त्या तरुणाला ती घरी आणते आणि फारसं काही विचारत नाही. राहू देते. त्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, आपण टाळ्या वाजवल्या, आणि घरी येऊन पुन्हा "आज कसं वाटतंय?" सुरू केलं.

अजूनही कारणं असतात. या वयात आजाराचं रूपच पक्कं झालेलं नसतं. आधी नैराश्य वाटलेलं पुढे दुसरंच काही निघतं, औषध बदलावं लागतं, त्यासाठी पुन्हा काही दिवस आत राहावं लागतं. कोणाला पैशाने अडतं, कोणाला अंतराने. आणि काही मुलं ज्या घरात परत पाठवली जातात तिथेच दारू असते, मारहाण असते, किंवा त्याहून वाईट काही. त्या मुलांना परत जावं लागतं यात नवल काय? ती तर वॉर्डात सुरक्षित असतात. माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती, मे महिन्याची सुट्टी जवळ आली की तिचं पोट दुखायचं. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मी परत शाळेकडे वळते, कारण माझं भांडण तिथे आहे.

त्याच २०१७च्या कायद्यात ९८वं कलम आहे. रुग्णाला घरी सोडताना पुढच्या उपचारांचं नियोजन डॉक्टरांनी रुग्णाशी आणि ज्यांच्याकडे तो राहणार त्यांच्याशी बोलून करायचं, असं ते सांगतं. चांगलं आहे. पण सोळा वर्षांचं मूल काही फक्त घरी राहत नाही! त्या नियोजनात शाळा कुठेच नाही. २५ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, शाळा-कॉलेजं आणि क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, मार्कांवरून तुकड्या पाडू नयेत, असं त्यांत आहे. हे वाचून मी भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, समुपदेशक आले तरी त्यांनाही कावीळच सांगणार का आपण?" बरोबर बोलली.

आमचे एक निवृत्त मुख्याध्यापक मित्र आहेत, त्यांच्याशी यावरून चांगलीच जुंपली. त्यांचं म्हणणं, वर्गात साठ पोरं, शिक्षकाच्या मागे मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. शाळा म्हणजे दवाखाना नव्हे. मी त्यांचं निम्मं मान्य करते. शिक्षकाला दिलेल्या बिनशिकवण्याच्या कामांवर मी स्वतः शेकडो पानं भरून देईन. पण निमहान्सच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयोगटात मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के निघालं. (पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपली मुलं काही वेगळ्या मातीची नाहीत.) म्हणजे साठाच्या वर्गात चार जण. ती चार मुलं वर्गात आहेतच, सरांनी दवाखाना उघडला तरी आणि नाही उघडला तरी.

आणि मी मागते आहे ते फार नाही. घरच्यांची आणि मुलाची संमती असेल तर डिस्चार्जच्या आधी शाळेतल्या एका माणसाला हॉस्पिटलमधून एक फोन जावा. एकाच माणसाला, पूर्ण स्टाफरूमला नव्हे. (स्टाफरूममध्ये मी तेहतीस वर्षं बसले आहे, तिथे काय होतं ते मला सांगू नका.) पहिले दोन-तीन आठवडे मुलाने अर्धा दिवस यावं. बुडालेला अभ्यास कोणता सोडायचा ते शाळेने सांगावं, कोणता भरून काढायचा ते नंतर बघू. वर्गाला काय सांगायचं ते मुलाने ठरवावं. आणि जीव घाबरला तर परवानगी न मागता उठून जाऊन बसता येईल अशी एक जागा असावी. याला अनुदान लागत नाही, शासन निर्णयही लागत नाही.

दुसऱ्या खेपेला आमच्याकडे हे बरंचसं केलं गेलं, आणि तेही मुलानेच सुचवलेलं. वॉर्डातल्या समाजसेविका बाईंनी त्याला कागद दिला आणि विचारलं, घरी गेल्यावर कोणाकोणाला खरं सांगायचं? त्याने सात नावं लिहिली. त्यात रसवाले काकाही होते! पुढची तारीख चार आठवड्यांऐवजी पहिल्याच आठवड्यात घेतली, मधली एक फोनवर. गोळीची वेळ अलीकडे आणली, वजनाबद्दल डॉक्टरांशी तो स्वतः बोलला. क्लासवाल्या कॉलेजने अर्ध्या दिवसाची सोय नाकारली आणि फीही परत केली नाही. मग ते वर्ष सोडलं. वर्ष सोडताना घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं, वडिलांना ते अजून पुरतं पचलेलं नाही. जूनमध्ये घराजवळच्या साध्या कॉलेजात त्याने आर्ट्सला नाव घातलं. तिथल्या ग्रंथपाल बाईंना सगळं माहीत आहे. जड वाटलं की तो वाचनालयात मागच्या टेबलाशी जाऊन बसतो. बाई त्याला वर्तमानपत्रं तारखेप्रमाणे लावायला देतात, विचारत काही नाहीत.

तो बरा झाला का? मला माहीत नाही, आणि हा प्रश्न मी त्याला विचारत नाही. ऑगस्टमध्ये एक आठवडा वाईट गेला. तेव्हा रात्री अकरा वाजता आईने १४४१६ला, म्हणजे टेलिमानसला, फोन केला. ही सरकारी सेवा २०२२च्या ऑक्टोबरपासून आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. नंबर लिहून ठेवा. सकाळी त्यांनी आपल्या डॉक्टरांना गाठलं. त्या वेळी ॲडमिट व्हावं लागलं नाही.

भाचीने मला विचारलं, "मावशी, तिसऱ्यांदा जायची वेळ आली तर?" मी म्हटलं, तर जायचं. बॅग भरायची, धाकटीचा डबा मी बघते, आणि पतसंस्थेत या वेळी खरं कारण लिहून रजा मागायची. वेळेवर परत जाणं हीसुद्धा उपचारातलीच गोष्ट आहे. उशिरा जाण्याचे परिणाम काय होतात ते वर्तमानपत्रात वाचतोच आपण.

दिवाळीत ते सगळे माझ्याकडे येणार आहेत. नातेवाईकांपैकी जे हे वाचत असतील त्यांच्यासाठी लिहिते, त्याला तब्येतीबद्दल विचारलं तरी चालेल, वाटलं तर तो सांगतो, नाही वाटलं तर उठून जातो, मनावर घेऊ नका. शिरखंड भरपूर करणार आहे. कावीळ हा शब्द कोणी काढू नये.